एकोणिसावी जागा

लाल पट्टी : शिशिर खुंट. पांढरी पट्टी : साधा खुंट. पट्टी संपल्यास काम थांबवावे.
(कलमशाळेच्या भिंतीवरची सूचना. खाली कुणीतरी पेनानं लिहिलंय : आणि चहा प्यावा.)

*

आक्काच्या पहिल्या पगारातून माझ्यासाठी लाल लोकरीचा स्वेटर आला. मी सातवीत होते. त्या वर्षी थंडी पडलीच नाही.

*

लग्नसराईत कोरेगाव आगाराच्या एका गाडीत एकदा एकशे चार माणसं होती. मोजणारी वाहक आक्काच होती, त्यामुळे आकडा खरा असावा.

*

सफरचंदाचं झाड थंडीचे तास मोजतं.

*

वानोळा मागत नाहीत. घरात पहिला हरभरा आला, पहिल्या शेंगा आल्या, की त्यातलं ओंजळभर आपणहून बहिणीकडं, शेजारी पोचवायचं. मागून घेतलं तर त्याला वानोळा म्हणत नाहीत.

*

बावीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिलेल्या बाईच्या गुडघ्यांचा फोटो डॉक्टरांनी उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "चालणं कमी करा. शेतात लांबचे फेरे तर नकोच."

*

हिमांकुर कंपनीच्या पुरवणी जबाबाच्या फॉर्मवर 'घटनेचे थोडक्यात वर्णन' यासाठी चार ओळी सोडल्या आहेत. जागा अपुरी पडल्यास कागद जोडावेत, असं खाली लिहिलंय.

हे ते कागद.

जबाब देणाऱ्याचे नाव व काम

प्रणिता भोईटे, वय शेहेचाळीस. वाईच्या कलमशाळेत कलमं बांधते. खुंट म्हणजे खालचा मुळांचा भाग, डोळकाडी म्हणजे वरची फळ देणारी काडी. दोघांना तिरका छेद द्यायचा, साल सालीला लावायची, पट्टी गुंडाळायची. दिवसाला साडेतीनशे. माझी शंभरातली सत्त्याण्णव जगतात.

संबंधित व्यक्तीशी नाते

उज्ज्वला बर्गे, माझी सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्यानंतर माझी वेणी आक्कानं घातली, शाळेच्या फॉर्मवर सही आक्कानं केली, कलमबांधणीच्या कोर्सला मला आक्काच घेऊन गेली, तेही स्वतःच्या गाडीतून, तिकीट फाडून. "नात्यात फुकट न्यायला लागले तर आगार बुडेल," म्हणाली.

२०३२ साली तिनं एसटीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कोरेगावच्या वर साडेसात गुंठ्यांत सफरचंद लावलं. साधं सफरचंद, कमी थंडीवर भागणारं, परवाना-बिरवाना काही नाही. आठ ओळी, ओळीत साठ जागा, दोन झाडांत दोन फूट. बुटक्या खुंटांची ही झाडं काठीसारखी सरळ वाढतात आणि तारांना बांधून उभी राहतात. पहिल्यांदा बाग दाखवली तेव्हा आक्का दोन्ही हात वर करून ओरडली, "पुढं सरका, पुढं सरका! आत जागा आहे!"

तिनं प्रत्येक ओळीला एकेका गाडीचं नाव दिलं होतं. पत्र्याच्या पाट्या रंगवून ओळीच्या तोंडाला लावल्या होत्या. कोरेगाव–सातारा. कोरेगाव–वडूज. कोरेगाव–पुसेगाव मुक्काम. झाडांना ती पॅसेंजर म्हणायची. कोरेगाव–रहिमतपूर या ओळीत एकोणिसावं झाड दुसऱ्याच वर्षी मेलं. ती जागा तशीच होती.

उत्पादनाची माहिती (माहीत असल्यास)

माहीत आहे.

सफरचंदाची कळी हिवाळ्याआधी स्वतःला कुलूप लावून घेते. पुढं गारठ्याचा एकेक तास जातो तसं कुलूप थोडं थोडं सैल होतं. पुरेशी थंडी मिळाली की सगळ्या कळ्या एकदम उघडतात. आपल्याकडं थंडी अर्धीमुर्धी. त्यामुळे कुलूप नीट लागतही नाही आणि नीट निघतही नाही. चार फुलं पौषात, चार माघात, फळ एकाच फांदीवर तीन वयांचं.

हिमांकुरनं थंडीचा नाद सोडला. त्यांनी खुंटाच्या मुळांत एक बदल केला. दिवस लहान व्हायला लागले की हा शिशिर खुंट रसातून एक बारीक निरोप वर पाठवतो. तो निरोप म्हणजे कुलपाची किल्ली. कळीला तो सांगतो : झोप. झाड पानं टाकतं आणि गाढ झोपतं, बाहेर तीस डिग्री असली तरी. मग जानेवारीत एक फवारा मारायचा, त्यात उलटी किल्ली असते. बारा दिवसांत सगळी बाग फुलते आणि फळ पावसाच्या आत पेटीत जातं. फवाऱ्याचं कागदावरचं नाव 'उदय-२'. आम्ही बायका त्याला भूपाळी म्हणतो. तो बाटलीत मिळत नाही. ड्रोन येतो, शेताचा परवाना क्रमांक वाचतो, भूपाळी म्हणून निघून जातो. क्रमांक नसलेल्या शेतावर त्याचं तोंडच उघडत नाही.

झोपलेल्या झाडाला भूपाळी मिळाली नाही तर ते साठवलेल्या अन्नावर मार्चपर्यंत काढतं. नंतर साल सुरकुतते.

आणखी एक गोष्ट. दोन फुटांवर लावलेल्या झाडांची मुळं जमिनीत एकमेकांवर दाबली जातात, घासतात आणि जुळतात. वर मी पट्टीनं बांधते तसंच कलम खाली आपोआप होतं. त्यामुळे निरोप एका झाडाचा राहत नाही. कंपनीच्या बागांत दहातलं एकच झाड शिशिर खुंटाचं असतं, बाकी नऊ साधी. ती नऊ शेजाऱ्याचं ऐकून झोपतात.

हे कलमशाळेत झाडू मारणाऱ्या बाईलाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं मी कुठंही म्हटलेलं नाही.

चूक कशी झाली?

फेब्रुवारी २०३९. शिशिर खुंटाची साल पातळ, म्हणून त्याला मी पट्टीचे दोन वेढे देते आणि खाली दोन गाठी मारते. साध्याला एक वेढा, एक गाठ. माझ्या शेजारी बसणाऱ्या हौसाबाई त्यावरून चिडवायच्या.

"प्रणिता, तू कलम बांधतीस का लग्न लावतीस? नवरानवरी पळून जाऊ नयेत म्हणून दोन-दोन गाठी!"

"तुमचं पळालं का कुणी, हौसाबाई?"

"पळालं असतं तर बरं झालं असतं. पस्तीस वर्षं गाठ सुटंना."

त्या दिवशी शेवटच्या ट्रेला लाल पट्टी संपली. चोवीस रोपं उरली होती. स्टोअरवाला जेवायला गेलेला. भिंतीवरची सूचना माझ्या समोरच होती. मी पांढरी पट्टी उचलली, दोन वेढे दिले, दोन गाठी मारल्या आणि ट्रे बाजूला ठेवला. म्हटलं, जेवून आल्यावर लाल लावते.

जेवून आले तर ट्रे सावलीच्या शेडमध्ये नेलेला. तिथं जाऊन पट्ट्या बदलल्या. तेवीस निघाल्या. मी परत मोजलं, तेवीस. मला वाटलं, मुळात तेवीसच असतील.

ज्यांचं कलम वाकडं बसतं ती रोपं निवडून एका कोपऱ्यात टाकतात. ती कंपनी विकत नाही. हंगाम संपला की बायका त्यातलं एकेक पांढऱ्या पट्टीचं रोप घरी नेतात. नियमात बसत नाही. पण त्या दिवशी आमचे सुपरवायझर तांबोळी सर त्या कोपऱ्याकडं पाठ करून अर्धा तास फोनवर बोलतात. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय.

त्या वर्षी मी ढिगातून एक वाकडं उचललं. पांढरी पट्टी बघितली. गाठी बघितल्या नाहीत. गाठी माझ्याच होत्या.

रोप कोणास, केव्हा व कशासाठी दिले?

आक्काला, २१ जुलै २०३९ रोजी. ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून एसटीनं घेऊन गेले.

कशासाठी याला उत्तर लिहिताना पेन थांबतं. एकवीस वर्षं माझ्या घरी सगळं आक्काकडून येत होतं. ज्वारी, शेंगा, पोरांचे कपडे, आजारपणात ती स्वतः. माझ्याकडून तिच्याकडं कधी काही गेलं नव्हतं. मला एकदा हातात काहीतरी घेऊन तिच्या दारात उभं राहायचं होतं.

मी थेट बागेतच गेले. दाजी ठिबकची नळी दुरुस्त करत बसले होते. मला बघून म्हणाले, "आल्या, मेव्हणीबाई वानोळा घेऊन आल्या! आता पाऊस पडणार."

मी म्हटलं, "आक्का, तुझी ती रहिमतपूरच्या गाडीतली सीट रिकामी आहे ना? तिथं लावू."

त्यावर आक्का काय म्हणाली ते शेवटी लिहीन.

खड्डा मीच खणला. रोप मीच लावलं, मीच तारेला बांधलं. दोन-अडीच महिन्यांत त्याचं मूळ शेजारच्यांना टेकलं असणार. नवं मूळ भराभर जातं.

आपणांस केव्हा कळले?

२ ऑक्टोबर, सकाळी सव्वानऊला. आक्कानं फोटो पाठवला. खाली तिचा आवाज : "प्रणी, तुझा पॅसेंजर झोपलाय बघ. आणि बाजूचे दोघंही पेंगायला लागलेत. गाडी लागली का काय त्यांना?"

एकोणिसाव्या जागेवरचं रोप पिवळं पडून अर्धं उघडं झालेलं. अठराव्याची आणि विसाव्याची शेंड्याची पानं फिकी. मी फोटो मोठा केला. पांढरी पट्टी. दोन वेढे. दोन गाठी.

त्या क्षणी काय करायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस उपटायचं, दोन्हीकडची तीन-तीन झाडं तोडायची, चारी बाजूंनी गुडघाभर चर मारून मुळं छाटायची. सात झाडं गेली असती. चारशे त्र्याहत्तर राहिली असती. एका दुपारचं काम.

पण ते सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की मी पांढरी पट्टी उचलली होती.

मी आवाज पाठवला : "पाणी जास्त झालं असेल. ठिबक थोडं कमी कर."

तिनं ठिबक कमी केलं. माझ्या हाताखाली शंभरातली सत्त्याण्णव जगतात, ती माझं ऐकणारच.

त्यानंतर आपण काय केले?

काही नाही. अकरा दिवस. रोज सकाळी मी फोटोची वाट बघायची आणि फोटो आला की तो उघडायची नाही.

बाराव्या दिवशी मी हौसाबाईंना सांगितलं. त्या सुरी पुसत होत्या.

"बहिणीला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतीस? माझी का बाग हाय?"

दिवाळीत गेले. रहिमतपूरची गाडी पूर्ण झोपलेली, शेजारच्या वडूज आणि साताऱ्याच्या अर्ध्या. दोन ओळींत आठ फूट अंतर होतं, तेही मुळांना फार नाही. इतकी शांत बाग मी आयुष्यात बघितली नव्हती. खाली पानांचा थर, वर काड्या, आणि ऊन मात्र एप्रिलसारखं.

मी ओळीच्या एका बाजूला उभी होते, आक्का पलीकडं. ती चहाचे कप घेऊन निघाली ती ओळीच्या टोकापर्यंत गेली, पत्र्याच्या पाटीला वळसा घातला आणि इकडून परत आली. एका हातानं गुडघा दाबत. चहावर साय धरली होती.

"रोग असता तर पान काळं पडलं असतं," ती म्हणाली. "ही तर नुसती झोपलीत. तुमच्या कंपनीच्या बागा अशाच झोपतात ना गं?"

"हो."

"मग हे तेच का?"

मी कप तोंडाला लावला. तिनं वाट बघितली. वाहकाला सवय असते, माणूस तिकिटाचे पैसे काढेपर्यंत थांबायची. मग दाजींनी हाक मारली म्हणून ती गेली. पुन्हा टोकाला वळसा घालून.

त्या मुक्कामी, भाऊबीजेच्या दिवशी, मी सांगितलं. स्वयंपाकघरात, ती करंज्या डब्यात भरताना. सगळं सांगितलं : लाल पट्टी, तेवीस, गाठी, फोटो, ठिबक. ती भरत राहिली. शेवटी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "हा तुझा डबा. तळाशी तिळाच्या आहेत, पोरांना आवडतात."

पण तोवर, पानांवर अजून दिसत नसलं तरी, आठही ओळींत निरोप पोचला होता. चर मारायला बाजू उरली नव्हती.

कंपनीस दिलेला मूळ जबाब

नोव्हेंबरात कंपनीच्या ड्रोननं वरून बघितलं, की कोरेगावच्या डोंगरावर बिनपरवान्याची साडेसात गुंठे बाग उघडी-बोडकी झोपली आहे. रोप कुठून गेलं हे शोधायला त्यांना दोन दिवस पुरले. पट्टी बांधणाऱ्या प्रत्येक बाईची गाठ त्यांच्याकडं फोटोत आहे.

तांबोळी सरांनी मला बोलावलं. वाईट माणूस नाही. खुर्ची पुढं केली, पाणी दिलं.

"भोईटेबाई, फॉर्मवर दोनच चौकटी आहेत. पहिली : कामगाराने स्वतःहून नेले. त्यात नोकरी जाते आणि खटला होतो. दुसरी : बाहेरील व्यक्तीच्या मागणीवरून दिले. त्यात ताकीद. बस्स."

"आणि बाहेरच्या व्यक्तीचं?"

"ते बघू की नंतर. बाग लहान आहे." मग खाली बघत म्हणाले, "मागितलं असेलच ना त्यांनी? बहीणच आहे. कुणीही मागेल."

मी मान हलवली. मान हलवायला काहीच लागत नाही.

गेली पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले की फॉर्म उलटून बघितला नव्हता. बघितला होता. मागं बारीक अक्षरांत दोन्ही चौकटींचे परिणाम दिले होते. पहिल्या चौकटीत बागमालक 'बाधित' : त्या हंगामाची भूपाळी विनामूल्य. दुसऱ्या चौकटीत बागमालक 'विनापरवाना वापरकर्ता' : फवारा नाही, बाग उपटणे बंधनकारक, नाव यादीत.

मी दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि खाली लिहिलं, 'बहिणीने रोप मागितले म्हणून दिले.' अक्षर चांगलं आलं होतं.

ज्या कुणी तो कागद तपासला त्याच्या घरी कधी वानोळा आला नसावा.

इतर उपाय केले असल्यास

जानेवारीत दाजी तासगावला जाऊन द्राक्षवाल्यांचं कळी फोडायचं औषध घेऊन आले. दोघांनी ब्रशनं एकेका कळीला लावलं, चारशे ऐंशी झाडांना. नऊ दिवस लागले. आक्का खुर्ची घेऊन फिरायची, बसून लावायची.

वाईत कंपनीच्या बागांवरून ड्रोन गेले आणि बारा दिवसांत डोंगरउतार पांढरे-गुलाबी झाले. आक्काच्या बागेत एकतीस झाडांवर फुलं आली. एकेका झाडावर चार-पाच. मधमाश्या तेवढ्यासाठी आल्या नाहीत.

बाग नष्ट केल्याचा दिनांक व साक्षीदार

१७ मार्च २०४०. साक्षीदार मी.

तारा आधी सोडवल्या. मग ओळीच्या टोकापासून उपटायला सुरुवात केली. पहिलं झाड दाजींनी आणि मी धरून ओढलं तर ते येईना, आणि दुसरं हलायला लागलं. जोर लावला तर तिसरंही. खाली सगळी मुळं जुळलेली. शेवटी ट्रॅक्टरला साखळी लावली तेव्हा रहिमतपूरची अख्खी ओळ एकापाठोपाठ एक उठत गेली.

आक्का खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "ग्रुप तिकीट काढलेलं दिसतंय सगळ्यांनी."

दाजी हसले नाहीत. मीही नाही. मग तीच हसली, आणि ते हसू संपायला वेळ लागला.

दुपारी मी तिच्याजवळ मातीत बसले. तिनं पदरानं माझ्या कपाळावरची माती पुसली आणि सहज म्हणाली, "तुमच्या कंपनीच्या एक मॅडम आल्या होत्या डिसेंबरात. चांगल्या होत्या. चहा घेतला. तुझा कागद वाचून दाखवला आणि विचारलं, हे खरं आहे का? रोप तुम्ही मागितलं होतं का?"

ट्रॅक्टर बंद होता. मला त्या वेळी तो चालू हवा होता.

"मग?"

"हो म्हटलं."

मी तिच्याकडं बघितलं नाही. उपटलेल्या मुळांकडं बघत राहिले. अठरावं कुठं संपतं आणि एकोणिसावं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं.

"सही करायला सांगितली," आक्का म्हणाली. "केली. तुझ्या शाळेच्या फॉर्मवर करायचे तशीच."

"आक्का, मी जाऊन बदलून देते. उद्याच."

"नोकरी जाईल?"

"जाईल."

"खटला?"

"होईल."

"मग गप बस. झाडं परत थोडीच चढणारेत गाडीत." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "चल, जेवून घे. दाजी उपाशीपोटी चिडतात."

मी जेवले. सोमवारी कामावर गेले. त्या दिवशी साडेतीनशे बांधली.

पुरवणी जबाब आता देण्याचे कारण

गेल्या महिन्यात आक्कानं पुन्हा झाडं लावायचं ठरवलं. सफरचंद नाही, अंजीर. दोनच ओळी, गुडघ्यांना झेपतील एवढ्या. साताऱ्याच्या रोपवाटिकेत गेली. काउंटरवरच्या मुलानं तिचं नाव यंत्रात घातलं आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही यादीत आहात. तुम्हाला कुठलंच रोप देता येत नाही. बेकायदा मागणी केली होती ना तुम्ही?"

रांगेत लोक होते. बावीस वर्षं ज्या बाईनं एकाही माणसाला बिनतिकीट नेलं नाही, तिनं भर रांगेत मान हलवली आणि बाहेर आली. हे मला दाजींनी सांगितलं. आक्कानं मला फक्त एवढंच सांगितलं, की साताऱ्याला चहा महाग झालाय.

मी पहिल्या चौकटीत खूण केली आहे : कामगाराने स्वतःहून नेले. उज्ज्वला बर्गे यांचं नाव यादीतून काढावं. फॉर्म तांबोळी सरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा ते म्हणाले, "पाच वर्षांनी? बाई, कुणी विचारलंय तुम्हाला?" हौसाबाईंनी माझी सुरी पुसून माझ्या पिशवीत घातली. कंपनीची आहे, म्हटलं. "असू दे," म्हणाल्या.

वर एके ठिकाणी मी लिहिलंय, की शेवटी लिहीन. ते राहिलं.

२१ जुलै २०३९, दुपार. मी रोप घेऊन रहिमतपूरच्या ओळीपाशी उभी होते. आक्का म्हणाली, "नको गं प्रणी. तेवढी जागा मला इकडून तिकडं जायला लागते."